पुढे, पण कोणाच्या?

वार्षिक परीक्षा संपल्या की आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात दोन प्रकारची माणसे येतात. काही लग्नाच्या तारखा धरायला येतात, तर काही मुलांच्या लांबलचक सुट्टीचे काय करावे हे विचारायला. गेल्या उन्हाळ्यात ही दुसरी मंडळी लेखी विनंती घेऊनच आली. चौदा पालकांच्या सह्या होत्या. मागणी अशी की, एका कंपनीतर्फे उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा ऑनलाइन गणितवर्ग सुरू होत आहे, पुढच्या इयत्तेचे गणित शाळा उघडण्यापूर्वीच पूर्ण करून घेण्याची हमी आहे, तेव्हा धर्मग्रामाचे सभागृह सकाळच्या वेळी मिळावे. मोठा पडदा व इंटरनेट कंपनी पुरवील, शुल्क पालक भरतील आणि सभागृहाला देणगीही मिळेल. कागदासोबत एक गुळगुळीत पत्रक जोडले होते. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते : 'तुमचे मूल इतरांच्या एक वर्ष पुढे!'

आम्ही सभागृह दिले नाही.

या नकाराने काही घरे दुखावली हे आम्हांला ठाऊक आहे. 'फादर जुन्या वळणाचे आहेत' असे म्हटले गेले, आणि आमच्या कानावर आले. एका भगिनीने तर मिस्सा संपल्यावर पायरीवरच विचारले, "फादर, आमची मुले पुढे गेलेली तुम्हांला नको आहेत का?" प्रश्न रोखठोक होता. नकार देणाऱ्याने कारण दिले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आमचे भांडण गणिताशी नाही. ज्या दिनदर्शिकेवर आपण नाताळ आणि ईस्टर मोजतो, ती १५८२ साली सुधारून घेण्याच्या कामी ख्रिस्तोफर क्लावियस या येशूसंघीय धर्मगुरूचे गणित उपयोगी पडले होते. रोमच्या विद्यालयात त्याने दीर्घकाळ गणित शिकविले आणि संघाच्या शाळांत या विषयाला मानाचे स्थान मिळावे म्हणून तो झगडला. अशा परंपरेत शिकलेल्या धर्मगुरूने गणिताला नाके मुरडावीत, हे शोभणारे नाही. आमचे भांडण संगणकाशी वा मोबाइलशीही नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड उघडला की सरकारच्या 'दीक्षा' व्यासपीठावरचे धडे एक पैसाही न देता पाहता येतात, आणि आम्ही ते मुलांना स्वतः दाखविले आहेत. आमचे भांडण आहे ते त्या पत्रकावरच्या एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'पुढे'.

पुढे, पण कोणाच्या? पत्रक म्हणते, 'इतरांच्या'. हे इतर कोण? धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याच बाकावर बसणारी, त्याच आळीत राहणारी, त्याच विहिरीवर पोहायला जाणारी मुले. चौदा घरांनी वर्ग लावला की पंधराव्या घराला भीती वाटते. पंधरावे लावते म्हणून सोळावे लावते. सर्वांनीच लावला की कोणीही कोणाच्या पुढे नसतो. पैसे मात्र सर्वांचे गेलेले असतात, आणि सुट्टीही. मिरवणुकीत नीट दिसावे म्हणून पुढचा चवड्यांवर उभा राहिला, तर थोड्या वेळाने सगळेच चवड्यांवर उभे असतात. दिसते पूर्वीइतकेच. पाय तेवढे दुखतात.

"परंतु फादर, ज्ञान तर वाढते ना?" असे विचारले जाईल. ते वाढत असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. आमच्या परिचयातील एका सातवीतल्या मुलाने मागील वर्षी असाच वर्ग पूर्ण केला होता. मुलगा हुशार, नम्र, आणि आईवडिलांचा त्याच्यावर जीव. आम्ही विचारले, "(अ + ब) चा वर्ग किती रे?" क्षणाचाही विलंब न लावता त्याने सूत्र म्हणून दाखविले : अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग. आम्ही म्हटले, "मग सूत्राच्या आधारे तेराचा वर्ग सांग बरे." तो गप्प झाला. तेराचा पाढा त्याला येत होता, सूत्रही येत होते, पण दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही खडूने ओसरीवर एक चौकोन काढला. बाजू दहा अधिक तीन. आत एक मोठा चौकोन शंभराचा, दोन पट्ट्या तीस-तीसच्या, आणि कोपऱ्यात नवाचा लहानसा चौकोन. शंभर, साठ आणि नऊ, म्हणजे एकशे एकोणसत्तर. तो मुलगा त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे 'दोन अब' या दोन पट्ट्या आहेत होय!"

आठ आठवड्यांत जे त्याला मिळाले नव्हते, ते खडूच्या चार रेघांत मिळाले. यात आमची हुशारी काहीच नाही. त्याच्याजवळ बसायला आम्हांला वेळ होता, एवढेच. पडद्यावरच्या शिक्षकाला तो वेळ नसतो, कारण त्याला आठ आठवड्यांत वर्षाचा अभ्यासक्रम 'पूर्ण' करायचा असतो. अभ्यासक्रम पूर्ण होतो आणि समज अर्धीच राहते. आणखी वाईट पुढे घडते. जूनमध्ये वर्गशिक्षक तोच धडा फळ्यावर मांडू लागतात तेव्हा हा मुलगा म्हणतो, 'हे मला येते', आणि खिडकीबाहेर पाहू लागतो. ज्या वेळी ते नीट कळले असते, नेमकी ती वेळ तो गमावतो.

आता वाचकांना थोडे दूर, वाशीम जिल्ह्यात नेतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. जगदंबा देवीचे आणि संत सेवालाल महाराजांचे हे ठिकाण 'बंजारा समाजाची काशी' म्हणून ओळखले जाते. रामनवमीला तेथे मोठी यात्रा भरते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटनही झाले. त्या परिसरातील एका शाळेत आमचे एक शिक्षक मित्र आहेत. यात्रा आटोपल्यावरच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे उतरलो होतो. सभागृहाचा निर्णय व्हायचा होता आणि ते पत्रक आमच्या पिशवीतच होते.

सायंकाळी जवळच्या तांड्यावरील एक गृहस्थ गुरुजींना भेटायला आले. पतिपत्नी दोघे ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या हद्दीत कोपी घालून राहायचे आणि गळीत हंगाम संपला की परतायचे. त्यांच्यासोबत सहावीत जाणारी मुलगी होती. हंगामभर ती आईबापांबरोबर होती, म्हणजे शाळेचे जवळजवळ अर्धे वर्ष बुडालेले. गृहस्थांनी खिशातून चारपदरी घडी घातलेला कागद काढला आणि आमच्याकडे पाहून विचारले, "साहेब, पोरीले मोबाइलवरचा हा गणिताचा क्लास लावू का? पैशाचं पाहू कसं तरी."

तो कागद आमच्या पिशवीतलाच होता. तेच पत्रक, तेच वाक्य : 'तुमचे मूल इतरांच्या एक वर्ष पुढे!'

आम्ही मुलीला एक भागाकार घातला : ६१८ भागिले ६. तिने पाटीवर नीट मांडणी केली आणि उत्तर लिहिले १३. मधले शून्य गळाले होते. पुष्कळ मुलांचे गळते. गुरुजी काही बोलण्यापूर्वीच वडील म्हणाले, "अवं, सहाशे अठरा रुपये आपण सहा जणांत वाटले, तर एकाले तेराच येतील का?" मुलगी हसली. तिने पाटी पुसली, ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि लिहिले १०३. मग स्वतःच म्हणाली, "दशकात वाटायला पुरेसे नव्हते, म्हणून तिथे शून्य."

त्या मुलीला सातवीचे गणित नको होते. पुढचे वर्षही नको होते. तिला गेलेले वर्ष परत हवे होते, आणि ते तिच्या भाषेत, तिच्या हिशेबात, शेजारी बसून देणारे माणूस हवे होते. तिच्या वडिलांनी ते दोन मिनिटांत दिले. पत्रक मात्र त्या बापाला सांगत होते की तुझ्याजवळ देण्यासारखे काही नाही, तू फक्त पैसे भर.

ऊसतोडीच्या व्यवहारात एक शब्द आहे, उचल. हंगामापूर्वी मुकादमाकडून मजूर आगाऊ रक्कम घेतो, आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडतो. काम संपले तरी फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. त्या रात्री पत्रकाकडे पाहताना आम्हांला वाटले, हीसुद्धा उचलच आहे. पुढच्या वर्षाचे गणित आज आगाऊ उचलायचे आणि ते फेडायचे मुलाने. फेड होते त्याच्या सुट्टीतून, झोपेतून, आणि विषयाविषयीच्या गोडीतून. मजूर निदान पोटासाठी उचल घेतो. आपण कशासाठी घेतो?

हा प्रश्न भावनेचा नाही हे आकडेच सांगतात. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार २०२४ साली पाचवीतील केवळ ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. आठवीतही हे प्रमाण ४५.८ टक्केच होते. म्हणजे आठवीच्या उंबरठ्यावर निम्म्याहून अधिक मुले त्या ६१८ पाशी अडलेली आहेत. देशाचे गणित असे पायाशी अडलेले असताना, ज्यांचे बरे चालले आहे त्यांना आणखी एक मजला चढवून देण्यासाठी आपण आपले सभागृह उघडावे काय?

आणि पाया म्हणजे काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरांच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. शंभराला चौतीस म्हणजे नेमके किती, ते आपल्या टनांवर कसे मोजायचे आणि हिशेबाच्या वहीत तेवढे लागले की नाही, हे ज्या घरातील मुलीला कळते त्या घराला फसविणे कठीण जाते. शेकडेवारी हे आठवीच्या पुढचे गणित नव्हे. ते नीट येणे हीच त्या घराची प्रगती.

कोणी म्हणेल, पाया ठीक आहे, पण बुद्धिमान मुलाने तेथेच का रेंगाळावे? त्यांना आम्ही दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची आठवण करून देऊ. १९०५ साली डहाणूला जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळील देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९४९ साली त्यांनी जगाला एक नवल दाखविले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नसावेत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४ घेतली, तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. येथे आलात की पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तेथेच पोहोचते. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले आणि जगभर हे नाव गेले.

या शोधाला कोणते 'पुढचे' गणित लागले? वजाबाकी. तिसरीतल्या मुलाला यावी ती वजाबाकी. कापरेकर कोणाच्याही पुढे गेले नाहीत, ते खोल गेले. उन्हाळ्याच्या दुपारी पिंपळाखाली बसून मुलाने ६१७४ चा खेळ स्वतः पडताळून पाहिला, तर त्याला मिळते ती वस्तू कोणत्याही पत्रकावर छापलेली नसते.

मागे पडण्याच्या भीतीविषयीही थोडे बोलू. अमेरिकेतील मँचेस्टर या गावी एल. पी. बेनेझेट नावाचे शिक्षणाधिकारी होते. १९२९ पासून त्यांनी काही वर्गांत प्राथमिकच्या पहिल्या पाच इयत्तांतून गणिताचे औपचारिक शिक्षण जवळजवळ काढून टाकले. त्याऐवजी मुलांनी बोलावे, वाचावे, वस्तू मोजाव्या, अंतराचा व वेळेचा अंदाज करावा, अशी योजना केली. सहावीत औपचारिक गणित सुरू झाल्यावर ही मुले वर्षाखेरीस इतरांच्या बरोबरीला आली. शाळांनी असेच करावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु पाच वर्षांचे अंतर एका वर्षात भरून निघू शकते, तर आठ आठवड्यांची सुट्टी घेतल्याने आपल्या मुलाचे जन्माचे नुकसान होईल ही भीती कोणी आणि कशासाठी पेरली, याचा विचार पालकांनी करावा.

ती भीती विकणाऱ्यांचे पुढे काय होते तेही आपण पाहिले आहे. करोनाच्या काळात शाळा बंद असताना ऑनलाइन शिकवणीचा धंदा फोफावला. त्यातील सर्वांत गाजलेल्या 'बायजूस'ने २०२० साली दुसरी एक कंपनी तीस कोटी डॉलरला विकत घेतली आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावरच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मुलांना सर्वांच्या पुढे नेऊ म्हणणाऱ्यांचा स्वतःचाच हिशेब मागे पडला. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेही जानेवारी २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रांनी प्रवेश देऊ नये असे सांगितले. सरकारलाही हे सांगावे लागते, यावरून रोग कुठवर गेला आहे हे ओळखावे.

आता दुसरी बाजू. काही पालक म्हणतात, "आमच्या मुलाला गणिताची खरीच भूक आहे. तो स्वतः मागतो." असे मूल असेल तर त्याला अवश्य द्यावे, अगदी ऑनलाइनही द्यावे. पण भुकेल्या मुलाची एक खूण असते. तो प्रश्न विचारतो, 'कितवा आलो' हे विचारत नाही. दुसरे काही म्हणतात, "शिष्यवृत्तीची आणि नवोदयची परीक्षा आहे." त्या परीक्षांना चालू इयत्तांचेच गणित पक्के लागते, पुढचे नव्हे. तिसरे म्हणतात, "आम्ही दोघेही कामावर जातो. मूल दिवसभर मोबाइलवर खेळते, त्यापेक्षा गणित बरे." या तिसऱ्या पालकांचे दुःख आम्हांला कळते. आमच्या वऱ्हाडात ऊन असे की मुलांना दुपारी घराबाहेर काढता येत नाही. शाळासुद्धा येथे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. परंतु हा प्रश्न सोबतीचा आहे, गणिताचा नाही. त्यावर उत्तर दुसरा पडदा हे नसून माणूस हे आहे.

म्हणून वर्ग लावावा की नाही हे ठरविण्यापूर्वी पालकांनी मुलाजवळ अर्धा तास बसावे. गेल्या वर्षीच्या पुस्तकातील पाच उदाहरणे त्याला सोडवायला द्यावीत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : 'असे का?' उत्तर देता आले नाही, तर मूल मागे आहे आणि त्याला मागचेच हवे आहे. देता आले, तर त्याला पुढची घाई नाही. तिसरी शक्यता अशी की 'असे का' हे आपल्यालाच ठाऊक नसेल. मग दोघांनी मिळून शोधावे. त्यात लाज कसली?

येथे आम्हांला स्वतःच्या पदरात माप घालणे भाग आहे. मुलांना पुढे काढण्याची ही हाव केवळ कंपन्यांनी निर्माण केलेली नाही. धर्मग्रामाच्या गुणगौरव समारंभात वर्षानुवर्षे आम्हीच पहिल्या तीन क्रमांकांना व्यासपीठावर बोलावले, त्यांच्या टक्क्यांचा उच्चार दशांश चिन्हासह केला, आणि पस्तीस टक्क्यांवरून पन्नासवर आलेल्या मुलाला टाळ्या वाजवायला खाली बसविले. पत्रकातील ते वाक्य आम्ही वेगळ्या शब्दांत कितीतरी वेळा बोललो आहोत. पोहरादेवीहून परतताना हे सारे आठवले आणि मान खाली गेली.

सभागृह आम्ही बंद ठेवलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ ते उघडे होते. धर्मग्रामातील महाविद्यालयीन मुले-मुली आळीपाळीने येत. ज्या मुलांचे मागचे राहिले होते ती येत, मग ती कोणत्याही धर्माची, कोणत्याही वस्तीतली असोत. शुल्क नव्हते. एका फळ्यावर आणि सात पाट्यांवर काम भागले. विनंतीवर सही करणाऱ्या चौदा घरांपैकी पाच घरांतील मुले स्वतः शिकायला नव्हे, तर लहानांना शिकवायला आली. त्यांतील एक तो सूत्र पाठ असलेला मुलगा. दुसऱ्याला चौकोन काढून दाखविताना त्याचे स्वतःचे सूत्र पक्के झाले, असे त्याची आईच आम्हांला सांगून गेली.

यंदाही सभागृह त्याच वेळी उघडे राहील. पायरीवर आम्हांला प्रश्न विचारणाऱ्या त्या भगिनीला आमचे उत्तर एवढेच : तुमचा मुलगा पुढे गेलेला आम्हांला हवा आहे. पण जाताना त्याने ज्यांचे मागे राहिले आहे त्यांच्याकडे एकदा वळून पाहावे, आणि शक्य झाल्यास त्यांना बरोबर घ्यावे. त्यासाठी आठ आठवडे पुरेसे आहेत. येताना पाटी आणावी; खडू आम्ही देऊ.